निसटलेल्या संधीची कविता लिहिताय?

‘वाट’, ‘वळण’, ‘क्षितिज’ हे तिन्ही शब्द आधी खोडा. ते इतके झिजलेत की डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. हातात मावेल अशी एक वस्तू घ्या. न केलेल्या प्रवासाला तिकीट पुरतं: ‘तिकिटाची घडी ओली’. ही अष्टाक्षरी ओळ. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, चार अक्षरांवर शब्द तुटला नाही तर लय छान बसते.

खरी गोची क्रियापदात होते. ‘गेलो असतो’, ‘म्हटलं असतं’ असा संकेतार्थ प्रत्येक कडव्यात आला की कविता कुरकुरायला लागते. तो एकदाच, शक्यतो शेवटून दुसऱ्या कडव्यात ठेवा. बाकी साधा वर्तमानकाळ. आणि शेवटी ‘उशीर झाला’ असं सांगू नका, तिकिटावरची शाई पसरू द्या.