बॅलास्ट ट्रीटमेंट सिस्टीम बंद पडली तर ए-३ चा अपवाद लागतो का? आणि ए-४ ची सूट कोण देतं?

नाशिकला घरी बसून सेकंड मेटच्या (जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या) ओरल्सची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी करताना तुम्हाला हे दोन प्रश्न पडलेत. बॅलास्ट म्हणजे जहाजाच्या तोलासाठी टँकमध्ये भरलेलं पाणी. त्यातून परके जीव पसरू नयेत म्हणून बॅलास्ट वॉटर कन्व्हेन्शन हा आंतरराष्ट्रीय करार आहे; त्यातला ए-३ हा नियम अपवादांचा, ए-४ सूट देण्याचा. पहिल्यावर जास्त गोंधळ असतो, म्हणून तो आधी घेतो.

सिस्टीम बंद पडली एवढ्यावर ए-३ लागू होत नाही. ‘जहाजाचं किंवा उपकरणाचं नुकसान झाल्यामुळे अपघाती निचरा’ असं एक कलम त्यात आहे आणि बरेच जण त्यावर बोट ठेवतात. पण वाचा नीट: पाणी अपघाताने गेलेलं हवं. टँकला भेग पडली, व्हॉल्व्ह तुटला आणि पाणी समुद्रात गेलं, तर ठीक. तेही आधी आणि नंतर वाजवी काळजी घेतली असेल तरच. पाण्यातले जीव मारणारा सिस्टीमचा यूव्ही दिवा लागेना म्हणून तुम्ही स्वतः पंप लावून पाणी काढलंत, तर त्यात अपघात कुठला?

ए-३ चे बाकीचे चार अपवाद असे. आणीबाणीत जहाजाची सुरक्षितता किंवा जीव वाचवणं. प्रदूषणाची घटना टाळणं किंवा कमी करणं. खुल्या समुद्रात घेतलेलं पाणी खुल्या समुद्रातच सोडणं. आणि चौथा, जिथलं पाणी तिथेच परत सोडणं.

हा चौथा सोपा वाटतो, पण सर्व्हेअर इथेच पकडतात. अट अशी की सगळं पाणी आणि गाळ त्याच ठिकाणचा हवा, दुसरीकडचं प्रक्रिया न केलेलं पाणी त्यात मिसळलेलं नको. जहाजाच्या तळातला डबल बॉटम टँक ‘रिकामा’ केला तरी बेलमाउथच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाच्या) खाली थोडं पाणी आणि चिखल उरतोच. ते मागच्या बंदरातलं असेल तर अपवाद गेला. ‘तेच ठिकाण’ म्हणजे किती अंतर, याचा आकडा कन्व्हेन्शनमध्ये नाही. म्हणून एका बर्थवर घेतलेलं पाणी त्याच बंदराच्या अँकरेजला सोडायचं असेल, तरी एजंटमार्फत आधी लेखी विचारून घ्यावं.

मग सिस्टीम बंद पडल्यावर करायचं काय? बंदरात पोचायच्या आधी पोर्ट स्टेटला, म्हणजे त्या बंदराच्या देशाला, कळवायचं; फ्लॅगला (जहाजाची नोंदणी असलेल्या देशाला) आणि क्लासलाही (जहाज तपासणाऱ्या वर्गीकरण संस्थेला). मग पर्याय बंदराशी ठरवायचे: पाणी टँकमध्येच ठेवणं, किनाऱ्यावरच्या सोयीत देणं, किंवा खोल समुद्रात एक्स्चेंज करून (टँकमधलं पाणी तिथल्या पाण्याने बदलून) येणं. एक्स्चेंज किनाऱ्यापासून २०० सागरी मैल आणि २०० मीटर खोली, ते जमत नसेल तर ५० मैल आणि २०० मीटर. फ्लो-थ्रूने (टँक भरून वाहता ठेवून) करत असाल तर टँकच्या तिप्पट पाणी: १,००० घनमीटरच्या टँकला ३,००० घनमीटर. मात्र सप्टेंबर २०२४ पासून सगळ्यांना डी-२ (सोडलेल्या पाण्यात किती जिवंत जीव चालतात याची मर्यादा) लागू असल्यामुळे एक्स्चेंज हा हक्क नाही, बंदराने मान्य केलेली तात्पुरती सोय आहे.

गढूळ पाण्याच्या बंदरात प्रकार जरा वेगळा. तिथे यंत्र धड असतं, पण गाळाने फिल्टर चोंदतो, यूव्हीला पाण्याची पारदर्शकता मिळत नाही आणि प्रवाह घटत जातो. आधी फ्लो कमी करा, बॅकफ्लश (उलट प्रवाहाने फिल्टर धुणं) वाढवा. तरीही भागलं नाही तर जहाजाच्या बॅलास्ट प्लॅनमध्ये लिहिल्याप्रमाणे बायपास, म्हणजे सिस्टीम टाळून पाणी थेट टँकमध्ये. नंतर समुद्रात ते पाणी काढून, टँक आणि पाइप धुऊन, सिस्टीममधून नवं पाणी भरायचं. १ फेब्रुवारी २०२५ पासूनच्या नव्या बॅलास्ट रेकॉर्ड बुकात सिस्टीमच्या बिघाडाला एफ आणि अपघाती निचऱ्याला ई असे कोड आहेत. बिघाडाची नोंद ईखाली टाकू नका. ते अपवादाचा दावा केल्यासारखं दिसतं.

आता ए-४. ही सूट आधी अर्ज करून मिळवायची असते, आणि ती ज्या देशाच्या पाण्यात बॅलास्ट सोडणार तो देश देतो. एकट्या फ्लॅगच्या कागदावर भागत नाही. ठरावीक बंदरांमधल्या फेऱ्यांसाठीच मिळते, जास्तीत जास्त पाच वर्षं, मध्ये फेरतपासणी. आधार म्हणजे कन्व्हेन्शनच्या जी-७ या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जोखमीचं मूल्यमापन: दोन्ही बंदरांत कोणते जीव आहेत, कोणते तग धरतील. क्षारता इथे फार बोलते. ०.५ पीएसयूच्या (क्षारतेचं एकक) खालचं गोडं पाणी आणि ३० च्या वरचं समुद्री पाणी, अशा दोन टोकांत जोखीम सहसा कमी. पण दोन्हीकडे जगणारा एखादा जीव निघाला की गणित फिसकटतं. आणि परका जीव एकदा रुजला की हटत नाही: गोदावरीतली जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, काढावी तितकी परत येते. त्यामुळे शंका असली तर देश नाही म्हणतात आणि बरोबरच करतात.

ही सूट हातची जाते ती बहुतेक ड्रायडॉकच्या (दुरुस्तीच्या कोरड्या गोदीच्या) फेरीत. जहाज ठरलेल्या मार्गाबाहेर जातं, तिकडे बॅलास्ट घेतं आणि तेच पाणी घेऊन परत येतं. मिसळ झाली की सूट संपली. डॉकवरून निघताना टँक धुऊन, गाळ काढून, त्याची तारीख-वेळ यूटीसीमध्ये आणि टँकवार घनमीटर लिहून ठेवा.

ओरल्समध्ये ए-५ ही विचारतात: ५० मीटरपेक्षा कमी लांबीची, ८ घनमीटरपर्यंत बॅलास्ट क्षमतेची मौजेची किंवा शोध-बचावाची नौका. तिला समतुल्य पालन चालतं, म्हणजे तंतोतंत तेच नियम नाहीत, पण त्या तोडीची काळजी. युद्धनौका आणि सीलबंद टँकमधलं कायमचं बॅलास्ट तर कन्व्हेन्शनच्या बाहेरच. आणि ‘१५ पीपीएमचं ऑइली वॉटर सेपरेटर बिघडलं तर?’ असा, बिल्जच्या (इंजिन रूमच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट) पाण्यातून तेल वेगळं करणाऱ्या यंत्राचा, उपप्रश्न आला, तर मार्पोलचंही (जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणावरच्या कराराचंही) उत्तर तसंच: बिल्ज टँकमध्ये ठेवा, बंदरात द्या, ऑइल रेकॉर्ड बुकात लिहा.