आकाशातील खडा आणि पन्हाळ्याचा दगड

प्रश्न : डिसेंबरच्या मध्यास पन्हाळ्यावरून आम्ही रात्री बऱ्याच उल्का पाहिल्या. उल्का, अशनी, लघुग्रह आणि धूमकेतू यांत नेमका फरक कोणता? गडाच्या पायथ्याशी मला एक काळा, जड, बारीक भोके असलेला दगड सापडला असून त्याला लोहचुंबक किंचित चिकटतो. तो अशनी असेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सूर्याभोवती फिरणाऱ्या, साधारणपणे एक मीटरहून लहान अशा खडकाच्या किंवा धातूच्या तुकड्याला आपण उल्काकण म्हणू, त्याहून मोठा असेल तर तो लघुग्रह. ही सीमा सोयीसाठी आखलेली आहे, कारण पुष्कळ उल्काकण हे लघुग्रहांच्या टकरींतून उडालेले तुकडेच असतात. असा कण सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला की त्याच्यापुढील हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, कण वितळून वाफ होऊ लागतो आणि जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर प्रकाशाची रेघ उमटते. उल्का हे त्या रेघेचे नाव आहे. आपण पाहिलेले बहुतेक कण वाळूच्या दाण्याहून फारसे मोठे नसावेत. जळून उरलेला तुकडा जमिनीवर पोहोचला, तरच तो अशनी ठरतो.

धूमकेतूत बर्फ आणि धूळ असते. सूर्याजवळ बर्फाची वाफ होते आणि सुटलेली धूळ त्याच्या कक्षेत पसरते. त्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी जाते, तेव्हा उल्कावर्षाव होतो. ऑगस्टमधील ययाति तारकासमूहातील वर्षाव स्विफ्ट-टटल धूमकेतूचा आहे, पण तेव्हा कोल्हापूरचे आकाश पावसाने झाकलेले असते. आपण पाहिला तो मिथुन राशीतील वर्षाव असणार, आणि त्याचा उगम १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहात आहे, ही गोष्ट मला विशेष विलक्षण वाटते.

दगडाबद्दल मात्र निराशा करावी लागते. भोके ही लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांची खूण असून अशनीत ती जवळजवळ कधीच नसतात. आपल्या भागातील बेसाल्ट या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या खडकात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त खनिज असल्याने त्यालाही चुंबक चिकटतो. तरीही खात्री हवी असेल, तर एक कोपरा पॉलिश पेपरने घासून पाहावा आणि आत चकाकणारे धातूचे ठिपके दिसले, तरच तो भूविज्ञानाच्या प्राध्यापकांना दाखवावा.