कवळी तुटली, आता गुडघ्याचं काय?

प्रश्न : आईची वरची कवळी परवा जेवताना मधोमध दुभंगली. दातांचे डॉक्टर म्हणाले, कवळी ॲक्रिलिकची आणि कृत्रिम गुडघा हाडात बसवायचं बोन सिमेंटही त्याच जातीचं. आईचा गुडघा आठ वर्षांपूर्वी बदललाय. दर सोमवारी चंद्रनाथ पर्वताच्या पायऱ्या चढायची, ते तिने भीतीने सोडलं. बरोबर केलं का, सर? — एक वाचक, केपे

उत्तर : ताई, जात एकच, पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट) नावाचं प्लास्टिक. पण तेवढ्यावरून आईंनी पर्वत सोडावा, हे मला अजिबात पटत नाही.

कवळी त्या एका घासाने तुटलेली नाही. तुकडा उजेडात तिरपा धरून बघा. ओठाच्या आतल्या पडद्यासाठी पुढे खाच असते. भेग बहुधा तिथूनच निघते. चावताना कवळी टाळूवर किंचित वाकते, ताण खाचेच्या टोकाशी एकवटतो आणि भेग दर वेळी कणभर सरकते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने असं थकून तुटणं, हाच फटीग. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत असताना मी भेग किती वेगाने वाढते हे सांगणारा पॅरिसचा नियम ॲक्रिलिकच्या पट्ट्यांवरच दाखवायचो. पॉल पॅरिस यांनी तो 1960च्या दशकात मांडला. भेगेच्या टोकाशी होणारा ताणाचा चढउतार दुप्पट झाला, तर पोलादात भेग साधारण आठपट वेगाने वाढते; ॲक्रिलिकमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. आईंच्या कामाची आहे ती याची उलट बाजू : भार थोडा कमी केला तरी भेगेचा वेग खूप उतरतो.

सिमेंटमध्येही खोट असतेच. ऑपरेशनच्या वेळी पावडर आणि द्रव कालवतात, तेव्हा हवेचे बुडबुडे अडकतात. एक्स-रेत दिसावं म्हणून घातलेल्या बेरियम सल्फेटच्या गुठळ्या राहतात. भेगा तिथून सुरू होतात. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी निर्वात करून कालवतात. पण गुडघ्यात सिमेंटचा पातळ थर धातूच्या पट्टीखाली मुख्यतः दाबला जातो, कवळीसारखा वाकत नाही. दाबाने भेग मिटते, ओढीने उघडते. शिवाय सिमेंट हा गोंद नव्हे. ते हाडाच्या छिद्रांत शिरून पकड घेतं. उत्तम चाललेल्या कृत्रिम खुब्यांच्या सिमेंटमध्येही बारीक भेगा सापडलेल्या आहेत.

चालत्या माणसाच्या एका पायावर वर्षाकाठी 10 लाखांच्या आसपास वेळा भार येतो. त्यात सोमवारच्या पायऱ्या कितीशा? मात्र सपाटीवर गुडघ्यावर वजनाच्या अडीचपट भार येतो, चढताना तिपटीच्या वर, उतरताना त्याहूनही थोडा जास्त. तेव्हा आईंनी जरूर जावं, सावकाश, आधार धरून, आणि उतरताना जास्त जपून. उड्या, धावणं नको. त्याआधी एकदा सर्जनना गुडघा दाखवून घ्या.

बसून उठल्यावर पहिली पावलं टाकताना नव्याने दुखू लागलं, सूज आली किंवा गुडघा डळमळला, तर मात्र वाट न बघता सर्जनकडे जा. सर्जन एक्स-रेत हाड आणि सिमेंट यांच्यामधली काळी रेघ बघतील. ती रुंदावतेय का, म्हणजे पकड सुटतेय का, हे जुन्या फिल्मशी ताडूनच कळतं. म्हणून आठ वर्षांपूर्वीचे एक्स-रे शोधून ठेवा. आणि कवळी घरी गोंदाने चिकटवू नका, नवीच करून घ्या.