‘थोडं चालवा, सेट होईल’: जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स आणि तोंडी गॅरंटी

या खेपेला आलेल्या प्रश्नांत गाड्या वेगळ्या, गावं वेगळी, पण एक वाक्य जवळजवळ प्रत्येकात आहे: “मिस्त्री म्हणाला, सेट होईल.” म्हणून आज फक्त गिअरबॉक्स.

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी जुना सहाचाकी घेतला. गिअर टाकताना खरखर होते. बॉक्स उतरवायला सांगतायत, खर्च लाखाच्या घरात. उतरवू का? (कराड)

आधी क्लच बघा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबून दहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तरी खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. दोष क्लच बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणारा भाग) असेल, क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा असेल किंवा प्लेट-प्रेशर प्लेट गेली असेल. रिव्हर्स गुपचूप पडला आणि चालत्या गाडीत एखादाच गिअर खरखरतो, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारं कडं) झिजली असावी. मग बॉक्स उतरवणं आलंच. पण ज्याचं स्पेअरचं दुकान नाही अशा दुसऱ्या मिस्त्रीला आधी एकदा दाखवा.

प्रश्न: चढावर चौथा गिअर सटकतो. ड्रायव्हर लिव्हरला काठी लावून चालवतो. अजून किती दिवस निघतील? (मनमाड)

काठी आजच फेका. त्या जोराने आतला गिअर सरकवणारा फोर्कही घासतो आणि चौथ्याच्या कामात आणखी दोन कामं वाढतात. बॉक्स उघडून दाखवा.

प्रश्न: विकणारा म्हणाला, कंपनीची 6 वर्षं किंवा 6 लाख किलोमीटरची वॉरंटी आहे. गाडी पाच वर्षांचीच आहे, तरी सर्व्हिस सेंटर नाही म्हणतं. (सोलापूर)

‘जे आधी होईल ते’ हे शब्द विकणाऱ्याने गिळले. महिन्याला 10 हजार किलोमीटर पळणाऱ्या गाडीचे 6 लाख पाच वर्षांतच भरतात. शिवाय क्लच प्लेट झिजणारी वस्तू म्हणून सहसा वॉरंटीबाहेर असते. सर्व्हिस चुकवलेली, ओव्हरलोड चालवलेली किंवा बाहेर उघडलेली गाडीही अडते. मालक बदलल्यावर वॉरंटी पुढे चालते का, हे त्या गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत बघा आणि नकाराचं कारण सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागा. पुढच्या गाडीच्या वेळी टोकन देण्याआधीच चॅसिस नंबर घेऊन त्यांच्याकडे जा.

प्रश्न: गाड्यांच्या यार्डातून ट्रक घेतला. ‘गिअरबॉक्स 6 महिने गॅरंटी’ असं बिलामागे पेनाने लिहून दिलं. दुसऱ्याच महिन्यात घों घों आवाज सुरू झाला. तीन वेळा नेला. दर वेळी तेल घालून परत पाठवला, ‘थोडं चालवा, सेट होईल’. आता सातवा महिना. म्हणतात गॅरंटी संपली. (लातूर)

गिअरबॉक्स सेट होत नसतो. झिजलेली रिंग पुन्हा भरून येत नाही, खड्डे पडलेलं बेअरिंग चालवून गुळगुळीत होत नाही. सेट होतो तो फक्त त्यांचा सहावा महिना. आवाज दाबायला जाड तेल घालणं ही यार्डाची जुनी विद्या. पूर्वी भुसा घालायचे. मी स्वतः बॉक्समधून भुशाचा लगदा काढलाय.

तीन वेळा गेलात, तीन जॉब कार्डं (गाडी ठेवताना तक्रार लिहून मिळणारा कागद) आहेत का? नसणार. मीही एकदा असाच फसलोय. स्वतःच्या गाडीचा बॉक्स ओळखीच्या गॅरेजात तोंडी सांगून ठेवला, महिन्याने मालक म्हणाला, “तुम्ही फक्त ऑइल बदलायला सांगितलं होतं.” तेव्हापासून माझा नियम एकच. तक्रार जॉब कार्डावर माझ्याच शब्दांत: कोणता गिअर, गाडी थंड की तापल्यावर, किती वेगाला. ‘गिअरबॉक्स चेक करणे’ एवढंच लिहिलं तर सही करायची नाही. सोबत मीटरचा फोटो.

तुम्ही आज हे करा. तीनही भेटींच्या तारखा आठवून काढा. फोन, मेसेज, टोलच्या नोंदी, डिझेलच्या पावत्या कामी येतील. तक्रार मुदतीतच केली होती हे लिहून यार्डाला स्पीड पोस्टने पत्र पाठवा. बॉक्स दुसरीकडे उघडू नका, नाहीतर ‘तुम्हीच बिघडवला’ म्हणायला ते मोकळे. दोन साक्षीदारांसमोर तेल काढा आणि एक बाटली सील करून ठेवा. परवा एकाने पाण्याच्या बाटलीतून असं तेल आणलं होतं. उन्हात धरलं तर आत सोन्याच्या वर्खासारखी चमक. लोहचुंबक फिरवला, काही चिकटलं नाही, म्हणजे पितळ, सिंक्रो रिंगचं. चुंबकाला कपचे चिकटले असते तर दाते किंवा बेअरिंग. तेल सोडायच्या प्लगवर थोडा बारीक काळा लगदा असतोच, त्याला घाबरू नका.

‘ट्रक धंद्याचा, तुम्ही ग्राहक नाही’ असं ऐकवतील. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली गाडी असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ग्राहक आहात, आणि तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. तुमची दोन-तीन वाहनं असतील किंवा पगारी ड्रायव्हर असेल तर वाद वाढतो. बिल घेऊन आधी वकिलाला भेटा. 1915 या हेल्पलाइनवरही विचारा. पण या आठवड्यात, दिवाळीनंतर नाही.

प्रश्न: बंद पडलेला ट्रक 80 किलोमीटर टोचन करून आणला. आता बॉक्स ओरडतो. क्लेम बसेल? (फोंडा)

अवघड आहे. इंजिन बंद असताना चाकं मेन शाफ्ट फिरवतात, पण तेल उडवणारा खालचा शाफ्ट थांबलेला असतो. बॉक्स 80 किलोमीटर कोरडा फिरला. टोचन लावण्याआधी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट खोलायचा असतो.

प्रश्न: न्यूट्रलमध्ये घाट उतरल्याने डिझेल वाचतं का? (कसारा)

नाही. कॉमन रेल (संगणकाने डिझेल सोडणारं) इंजिन असलेली गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की डिझेल बंद होतं; न्यूट्रलमध्ये ते आयडलिंगला पीतच राहतं. इंजिनही बंद केलंत तर कॉम्प्रेसर थांबतो आणि ब्रेकची हवा भरायची बंद होते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर काय होतं ते पुणेकरांना विचारा.

प्रश्न: गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलचंच तेल चालेल? (भोसरी)

पुस्तिकेत लिहिलं असेल तरच. डिफरन्शियलला सहसा जीएल-5 दर्जाचं तेल असतं, आणि अशा काही तेलांतली रसायनं पितळी रिंग खातात.

प्रश्न: आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे. गिअरबॉक्सचं मिटलं की नाव बदलू म्हणतो. (जालना)

उद्या सकाळी आरटीओत जा. गिअरबॉक्सचं काम थांबू शकतं.