व्यसनमुक्ती केंद्रात दाखल न होता, नुसतं दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटात बसून ती सुटते का?

सुटू शकते. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. हात थरथरत असतील, दरदरून घाम फुटत असेल तर आधी डॉक्टर, गट नंतर.

गटात साधारण 8-12 जण, एक समुपदेशक, तास-दीड तास. पहिल्या दिवशी गप्प बसलात तरी चालतं. "मी फक्त शनिवारीच घेतो" ही थाप घरी पचते, तिथे नाही. समोरच्याने तीच वर्षानुवर्षं मारलेली असते! मग बोलणं बारीकसारीक गोष्टींवर येतं: पगाराच्या दिवशी कुठल्या रस्त्याने घरी जायचं, मित्राने ग्लास पुढे केला तर नेमकं काय म्हणायचं.

मध्येच घसरलात तरी पुढच्या बैठकीला जा. फक्त पिऊन जाऊ नका.