मुलगी आठवीत आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांसाठी क्लास लावावा का?

शाळेत कलाशिक्षक असतील तर लगेच नको. परीक्षेतलं स्थिरचित्र (समोरच्या वस्तू बघून), स्मरणचित्र (आठवून), संकल्पचित्र (नक्षी) हे रोज हात चालवूनच सुधारतं. ओट्यावर स्टीलचा तांब्या आणि दोन वांगी ठेवा, एकाच बाजूने उजेड येऊ द्या, तासभर बसवा. तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ हमखास चुकतं, सावल्या सरसकट काळ्या होतात, चालायचंच.

खरी गोची भूमिती आणि अक्षरलेखनात. तिथे शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतं, त्यापुरता महिना-दोन महिने क्लास लावा.

इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीत ७ सवलतीचे गुण, बी ला ५, सी ला ३. (बरेच पालक तेवढ्यासाठीच येतात, आणि दहावीनंतर रंगपेटी माळ्यावर जाते.)