‘गॅरंटीड प्लेलिस्ट’ घेतली आणि गाणंच उतरवलं गेलं : उरलेल्या ११ दिवसांत काय करायचं?

प्रश्न : मी माझी गाणी स्वतःच प्रसिद्ध करतो. तिसरं गाणं आल्यावर इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या एका प्रमोटरला पैसे दिले. ‘१० प्लेलिस्ट, ३० दिवसांत ५०,००० स्ट्रीम, गॅरंटी’ असं त्याचं पॅकेज होतं. ९ दिवसांत ४१,२०० स्ट्रीम झाले. मग डिस्ट्रिब्युटरची (माझी गाणी स्पॉटिफायसारख्या प्लॅटफॉर्मवर पोचवणाऱ्या कंपनीची) मेल आली : स्ट्रीम कृत्रिम आहेत, गाणं सगळीकडून काढलं आहे, रॉयल्टी रोखली आहे, ३० दिवसांत लेखी खुलासा करा. आपोआप जाणारी मेल असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. तिला आज १९ दिवस झाले. मी बॉट, म्हणजे आपोआप गाणं वाजवणारे प्रोग्रॅम, वापरलेले नाहीत. स्पॉटिफायवर केस करता येईल का? पुढचं गाणं दोन आठवड्यांनी यायचं आहे. तोवर काढलेलं गाणं दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून पुन्हा चढवू का?

उत्तर : केसचं नंतर बघू. तुमच्या हातात ११ दिवस आहेत आणि सगळं प्रकरण त्यांच्यावर अडलं आहे. अशी पत्रं सारखी येतात. गाणं वेगळं, प्रमोटर वेगळा, पण चूक तीच : नोटीस मेलने आली म्हणून ती नोटीस वाटतच नाही. करारात ‘सूचना ईमेलने दिली जाईल’ असं लिहिलेलं असतं आणि तुम्ही त्यावर ‘मान्य आहे’ ची खूण केलेली असते. तेव्हा ती मेल म्हणजे रीतसर नोटीसच.

तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या कलमात तीन वाक्यं आहेत. पहिलं : तुमच्या रेकॉर्डिंगवर कृत्रिम स्ट्रीम आढळले, तर ते तुम्ही केलेले असोत, तुम्ही नेमलेल्या माणसाने केलेले असोत की तिऱ्हाइताने, जबाबदारी तुमची. दुसरं : अशा वेळी गाणं काढण्याचा आणि रक्कम रोखण्याचा निर्णय डिस्ट्रिब्युटर स्वतःच्या अखत्यारीत घेऊ शकतो. तिसरं : सूचना पाठवल्यापासून ३० दिवसांत लेखी खुलासा आला नाही, तर रोखलेली रक्कम जप्त समजली जाईल आणि प्लॅटफॉर्मने लावलेला दंड तुमच्या खात्यातून वळता होईल.

पहिल्या वाक्यामुळे ‘मी बॉट वापरलेले नाहीत’ या बचावातली बरीचशी हवा निघून जाते. दुसऱ्यावर वाद घालता येतो, पण वेळ फार जातो. तुमचं भवितव्य तिसरं वाक्य ठरवणार आहे. त्यात शब्द ‘पाठवल्यापासून’ असा आहे, ‘वाचल्यापासून’ असा नाही. त्यामुळे मेल कधी उघडली याला काही किंमत नाही. मुदत टळली की तुमची बाजू खरी की खोटी हा प्रश्नच संपतो. खुलासा दहा दिवस आधी पोचला म्हणून कोणाचं नुकसान झालेलं नाही. एक दिवस उशिरा पोचला म्हणून सगळं गेल्याची उदाहरणं मात्र भरपूर आहेत.

डिस्ट्रिब्युटर एवढा कडक का वागतो, तेही समजून घ्या. २०२४ पासून स्पॉटिफाय उघडउघड कृत्रिम स्ट्रीमिंग सापडलेल्या प्रत्येक ट्रॅकमागे लेबल आणि डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं. तो दंड ते तुमच्यावर ढकलतात. शिवाय रॉयल्टी एका सामाईक रकमेतून वाटली जाते. तुमच्या खात्यात आलेला प्रत्येक खोटा स्ट्रीम दुसऱ्या कुणा गायकाच्या वाट्यातून कापलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा तुमच्याइतकाच धडपडणारा असतो. म्हणून या बाबतीत मला प्रमोटरांचा मनापासून राग आहे.

आता खुलासा. लिहायला बसण्याआधी स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये (कलाकाराला स्वतःच्या गाण्यांचे आकडे जिथे दिसतात तिथे) जा आणि आकडे अजून दिसत आहेत तोवर उतरवून घ्या. कृत्रिम ठरलेले स्ट्रीम पुढे मोजणीतून वगळले जातात, मग दाखवायला हातात काही उरत नाही. तुम्ही पाठवलेल्या एका स्क्रीनशॉटवरूनच पुष्कळ कळतं : ४१,२०० स्ट्रीम, श्रोते १,०३०, गाणं सेव्ह करणारे ६. म्हणजे नऊ दिवसांत दर श्रोत्यामागे ४० वेळा गाणं वाजलं, आणि एवढं वेड लागलेल्या हजार लोकांपैकी फक्त सहा जणांना ते जपून ठेवावंसं वाटलं. माणसं असं ऐकत नाहीत. बॉट असंच ऐकतात : ३० सेकंद झाले की स्ट्रीम मोजला जातो, म्हणून ३०-३५ सेकंद वाजवायचं आणि पुढे जायचं, हेच चक्र दिवसरात्र. शहरांची यादीही बघा. ज्या एका शहरात तुम्हाला कोणी ओळखत नाही, तिथूनच बहुतेक स्ट्रीम आले असतील, तर प्लॅटफॉर्मलाही नेमकं तेच दिसलेलं आहे.

त्यामुळे खुलाशात ‘स्ट्रीम खरे आहेत’ असं म्हणू नका. ते टिकणार नाही, आणि ते वाक्य खोटं ठरलं की बाकीच्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. ‘बॉट वापरले गेले’ असंही स्वतःहून कबूल करू नका, कारण ते तुम्ही पाहिलेलं नाही. जे तुम्हाला स्वतःला माहीत आहे तेवढंच तारीखवार लिहा : अमुक तारखेला या व्यक्तीशी बोलणं झालं, तिने असं सांगितलं, इतके पैसे या मार्गाने दिले, अमुक तारखेपासून आकडे वाढले, मेल या तारखेला आली. सोबत पूर्ण चॅट, पैसे दिल्याची पावती, प्लेलिस्टच्या लिंक आणि उतरवलेले आकडे जोडा. चॅटमध्ये ‘५०,००० ची गॅरंटी’ हे शब्द आहेत आणि ते तुम्हाला अडचणीचे आहेत, हे खरं. तरी कापाकापी करू नका. पैशांचा माग बँकेत राहतोच, आणि अर्धा चॅट दिला की लपवाछपवीचा संशय येतो तो वेगळाच.

मागण्या स्पष्ट असू द्या, आणि उतरत्या क्रमाने. गाणं पूर्ववत करावं. ते होत नसेल, तर जप्ती त्या एका रेकॉर्डिंगच्या कृत्रिम स्ट्रीमपुरती ठेवावी आणि आधीच्या दोन गाण्यांची रॉयल्टी मोकळी करावी. तेही नाही, तर निदान दंड माफ करावा आणि प्लॅटफॉर्मकडून आलेल्या अहवालाची प्रत द्यावी. दुसरी मागणी सर्वांत व्यवहार्य आहे. तुमच्या कलमात ‘संबंधित रेकॉर्डिंग’ असे शब्द आहेत, ‘संपूर्ण खातं’ असे नाहीत. तरी सगळ्याच गाण्यांचे पैसे रोखलेले दिसतात. या दोन शब्दांवर बोट ठेवा. शेवटी ‘माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हा खुलासा करत आहे’ हे एक वाक्य टाका. खुलासा सपोर्टच्या तिकिटातही (मदत विभागात नोंदवलेल्या तक्रारीतही) घाला आणि करारात सूचनांसाठी दिलेल्या ईमेल पत्त्यावरही पाठवा. फक्त चॅटबॉक्समध्ये लिहिलं तर ते ‘लेखी’ धरलं जाईलच याची खात्री नाही.

स्पॉटिफायवर केस? रॉयल्टीबाबत तुमचा करार स्पॉटिफायशी नाही, डिस्ट्रिब्युटरशी आहे, त्यामुळे त्या वाटेने फारसं काही हाती लागेल असं वाटत नाही. डिस्ट्रिब्युटरवर दावा लावायचा, तर करारात कुठला कायदा, कुठलं न्यायालय आणि आधी लवाद आहे का, ते बघावं लागेल. बहुतेक करारांत डिस्ट्रिब्युटरच्या गावचं न्यायालय लिहिलेलं असतं. तिथे वकील लावून पहिली तारीख पडेपर्यंत गाण्याचा हंगाम उलटलेला असतो, आणि निकालापर्यंत रोखलेल्या रकमेच्या कित्येक पट खर्च झालेला असतो. न्यायालयं या धंद्याच्या वेगाने चालत नाहीत. याचा मला खेद आहे, पण तो धरून बसण्यात तुमचे ११ दिवस घालवू नका.

तेच गाणं दुसरीकडून चढवायचं? नाही. नोटीस प्रलंबित असताना तेच रेकॉर्डिंग नव्या आयएसआरसीने (रेकॉर्डिंगच्या ओळख-क्रमांकाने) चढवलं, तर ते कारवाई चुकवणं दिसतं. नव्या डिस्ट्रिब्युटरलाही गाणं आधी का काढलं गेलं हे खरं सांगावं लागतं. पुढे मोकळेपणाने डिस्ट्रिब्युटर बदलायचा झाला, तर तोच १२ अक्षरी आयएसआरसी, तीच ऑडिओ फाइल, नाव आणि कलाकाराचं स्पेलिंग जसंच्या तसं ठेवायचं, आणि नवी प्रत लाइव्ह झाल्यावरच जुनी काढायची. नाहीतर आधीचे स्ट्रीम आणि प्लेलिस्टमधल्या जागा तुटतात.

प्रमोटरकडून पैसे परत मिळवण्याबद्दल मी जपूनच बोलेन. ज्या मार्गाने पैसे दिलेत, त्या बँकेकडे किंवा पेमेंट कंपनीकडे आजच हरकत नोंदवा. तिथेही मुदती असतात आणि त्या लहान असतात. दावा कितपत टिकेल हे तुमच्या इथल्या कायद्यावर आहे. मुळात मोबदला घेऊन प्लेलिस्टमध्ये जागा देणं स्पॉटिफायच्या नियमांत बसत नाही. प्रमोटर उलट तेच पुढे करून म्हणेल, ‘तुम्हालाही हे ठाऊक होतं.’

आता नवं गाणं. दोन आठवड्यांची तारीख पुढे ढकला. एक तर या नोटिशीमुळे तुमच्या खात्यातून नवीन गाणं जाऊ देतात की नाही, हे आधी लेखी विचारावं लागेल. दुसरं, संपादकीय प्लेलिस्टसाठी (स्पॉटिफायचे संपादक स्वतः निवडतात त्या प्लेलिस्टसाठी) पिच, म्हणजे गाणं विचारार्थ सुचवणं, फक्त प्रसिद्ध न झालेल्या गाण्याचं करता येतं. गाणं प्रसिद्ध झालं की तो दरवाजा बंद. प्रसिद्धीच्या किमान ७ दिवस आधी पिच केलं, तर गाणं तुमच्या फॉलोअरांच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टमध्ये) जातं, संपादकांनी निवडो वा न निवडो. पण डिस्ट्रिब्युटरकडून गाणं प्लॅटफॉर्मवर पोचायलाच काही दिवस लागतात, म्हणून चार आठवडे आधी फाइल द्या. एका वेळी एकच गाणं पिच करता येतं आणि वर्णनाला ५०० अक्षरं मिळतात. त्यात ‘हृदयस्पर्शी’ वगैरे विशेषणं नकोत. भाषा, वाद्यं, लय, गाणं कशाबद्दल आहे, आणि प्रसिद्धीच्या आठवड्यात तुम्ही स्वतः काय करणार आहात, ते लिहा. प्रकार आणि मूड निवडताना प्रामाणिक राहा. लोकगीताच्या चालीवरचं गाणं पॉपमध्ये टाकलं, तर ते चुकीच्या संपादकापुढे जातं.

बाकीचं थोडक्यात. स्वतंत्र क्युरेटरला (स्वतःच्या प्लेलिस्ट चालवणाऱ्याला) ऐकण्याबद्दल किंवा अभिप्रायाबद्दल पैसे देणं आणि जागेबद्दल देणं यांत फरक आहे. आकड्याची हमी दिसली की तिथेच थांबा. डिस्कव्हरी मोड हा गाणं श्रोत्यांना जास्त सुचवलं जावं यासाठीचा स्पॉटिफायचा स्वतःचा, नियमांतला मार्ग आहे. आधी पैसे भरावे लागत नाहीत, पण त्यातून आलेल्या स्ट्रीमच्या रॉयल्टीतून ३० टक्के कापले जातात, आणि तिथेही कसली हमी नसते. बीट (गाण्यामागचं तयार संगीत) विकत न घेता लायसन्सवर घेतली असेल, तर त्यात स्ट्रीमची मर्यादा आहे का, तेवढं बघून ठेवा. गाणं मोठ्या प्लेलिस्टमध्ये गेलं की ती मर्यादा अचानक आडवी येते.

आणि कधी पैसे न देताच तुमचं गाणं अनोळखी प्लेलिस्टमध्ये जाऊन आकडे उसळले, तर खूश होऊन बसू नका. बॉट चालवणारे संशय येऊ नये म्हणून भलत्याच कलाकारांची गाणी मध्ये घुसडतात. त्याच दिवशी डिस्ट्रिब्युटरला कळवा आणि स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्सच्या मदत विभागात त्या प्लेलिस्टची तक्रार करा. या वेळी अशी तारीख असलेली एक जरी तक्रार तुमच्याकडे असती, तर खुलासा पुष्कळ सोपा झाला असता.

खुलासा पाठवल्यावर येणारा तिकीट क्रमांक टिपून ठेवा. ४८ तासांत पोच आली नाही, तर तोच मजकूर त्याच तिकिटात पुन्हा पाठवा. नवं तिकीट उघडू नका, कारण तुम्ही मुदतीत लिहिलं होतं हे पहिल्या तिकिटावरूनच दाखवता येईल.